उजवा खिसा

टल्सा शहरात, अकराव्या रस्त्यावर,
एकवीस वर्षं मी लोकांच्या विजारी आखूड करते,
झिपा बदलते, फाटके खिसे नव्याने लावते.
कोण काय बाळगतो ते अस्तर सांगतं:
नाण्यांनी पाडलेली भोकं, पेनाची शाई,
आणि अलीकडे
एक चपटा, तेलकट, काळपट ठसा.
मी विचारत नाही. तेही सांगत नाहीत.
फक्त लोरेटा सांगते, रात्रपाळीची नर्स:
"इथं जाड कापड लाव गं, आकार दिसायला नको."

मार्चमध्ये दुकानाच्या काचेचा चुरा झाला,
गल्ल्यासकट माझं पिकोचं मशीनही गेलं.
दिगंबर म्हणाला, आता तूही एक घे.
सोबत आला नाही. गुडघा दुखतो म्हणाला.

वेंडेलच्या काउंटरवर हिरवं मखमल,
सराफाकडे असतं तसं.
त्यानं तीन मांडली.
मी पर्समधून टेप काढली. तो हसला.
मी मापं घेत राहिले.

पहिलं तळहाताएवढं.
"खिशात आहे हेच विसरून जाल," तो म्हणाला.
विसरायचं असेल तर घ्यायचं कशाला?
मागच्या गॅलरीत झाडून पाहिलं,
मूर्ती लहान, पण लाथ म्हशीची.
अंगठ्याखालची कातडी दिवसभर चुरचुरत राहिली.

दुसरं मुठीत छान बसलं,
करंगळीलाही जागा. गोळ्या दहा.
नेमही बरा लागला, कागदावरच्या माणसाच्या
खांद्याला का होईना.
पण माझ्या कुठल्याच खिशात ते मान खाली घालेना,
आणि वरचा पत्रा मागे ओढायला
कात्रीनं झिजलेले सांधे तयार होईनात.
वेंडेलनं युक्ती दाखवली, ओढू नका, ढकला.
ढकललं. अर्ध्यावर अडकलं.

तिसरं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर,
घोडा आत लपवलेला,
म्हणजे उपसताना दोऱ्यात अडकायला नको.
हे मला पटलं. माझ्या धंद्यातली गोष्ट होती.
चाप जड,
जीन्सच्या चार पदरांतून सुई काढावी तसा.
तोही चालेल, मी म्हटलं, जडच बरा.
चौदा औंस. मनातल्या मनात तोळे केले,
चौतीस.
एवढं सोनं तर लग्नातही अंगावर नव्हतं.

"पाच पुरतात?"
"पुरली नाहीत अशी तक्रार घेऊन
अजून कोणी आलेलं नाही."
हा विनोद होता की काय
ते घरी येईपर्यंत कळलं नाही.

रात्री खिसा शिवला.
गादीच्या खोळीचं कापड, दुहेरी,
तोंड हाताच्या मुठीपेक्षा बोटभर मोठं,
कोपऱ्यांना दोनदा टाके.
इतका चांगला खिसा मी गिऱ्हाइकालाही दिलेला नाही.
दिगंबर बघत होता. म्हणाला, बसलं का?
म्हटलं, बसलं.
मग तो कॉफीचे कप धूत बसला, बराच वेळ,
दोनच कप होते.

वेंडेलची एक अट होती:
चामड्याच्या म्यानाखेरीज
त्या खिशात दुसरं काही म्हणजे काही नाही.
किल्ली नाही, सेफ्टी पिन नाही, नाणं नाही.
म्हणून सगळा संसार डावीकडे आला:
बॉबिन, खडू, बडीशेपेची पुडी,
खडीसाखरेची डबी.
डावी बाजू फुगली, उजवी शांत.
आरशात बघितलं तर कोणाला काही कळत नव्हतं.
मलाच कळत होतं.

शनिवारी मिसेस ओकाफोर आल्या, परकराची किनार न्यायला.
सोबत धाकटा, पाच वर्षांचा.
त्याला माहीत आहे,
हिशेब झाला की शिवणवाली बाई खिशात हात घालते.
तळहात पसरून उभा राहिला.

माझा हात गेला.
एकवीस वर्षांची सवय, उजव्या खिशाच्या तोंडाशी,
बोटभर सैल, मीच ठेवलेलं.
आत काहीतरी गार लागलं.

"लेफ्ट," मी मोठ्यानं म्हटलं, स्वतःलाच.

पोरगं वळून डावीकडे बघायला लागलं,
तिथं काय आहे ते.