नोंद सापडली नाही

काम सोपं आहे, म्हणाले उपकुलसचिव.
विद्यापीठात संशोधनाला लागणारं जे जे आहे,
यंत्रं, सर्व्हर, सॉफ्टवेअरचे परवाने, माहिती साठवायची जागा,
सगळं एका संकेतस्थळावर आणा.
मुखपृष्ठावर आपली इमारत घ्या.
संध्याकाळची. दिवे लावून.

एक्सेलच्या फाइलीत एकशे सदतीस ओळी होत्या,
विभागवार, खरेदीच्या तारखेनुसार.
किंमत पैशांपर्यंत दिलेली.
यंत्र कशासाठी, हा रकानाच नव्हता.

एप्रिल. केगावच्या माळावर त्रेचाळीस अंश.
कँटीनच्या पंख्याखाली पहिला नमुना मी
सावित्रा बिराजदारच्या हातात दिला.
ती अक्कलकोटहून एसटीने येते.
मालदांडीच्या पिठात लोह किती,
भाकरी भाजल्यावर त्यातलं उरतं किती,
हे तिचं पीएच.डी.चं काम.
शोधखिडकीत तिने लिहिलं: ज्वारी.
नोंद सापडली नाही.
लोह.
नोंद सापडली नाही.
पिठात काय आहे ते बघायचं मशीन.
नोंद सापडली नाही.
मग फोन टेबलावर पालथा घालून
तिनेच माझी समजूत काढली,
"माझंच स्पेलिंग चुकलं असेल, मॅडम."

मशीन होतं.
ओळ अठ्ठ्याऐंशी, अणुशोषण वर्णपटमापी,
ती बसते तिथून दोन जिने खाली.
दीड वर्ष ती पुडीत बांधून पीठ पुण्याला पाठवत होती,
एका पुडीला चारशे रुपये,
शिष्यवृत्ती जमा झाली की.

चाटी गल्लीत मामाचं चादरीचं दुकान होतं.
सुट्टीत मी गल्ल्याजवळ बसायचे.
मामाने गिऱ्हाइकाला सुताचा नंबर कधी सांगितला नाही.
विचारायचा, पांघरणार कोण?
म्हातारं माणूस? बाळंतीण?
की पोरगा हॉस्टेलला निघालाय?
आणि न बघता हात तिसऱ्या फळीवर जायचा.
फळ्या त्याला पाठ होत्या.
गिऱ्हाइकाने कशाला पाठ करायच्या?

विभाग मी मोडून टाकले.
लिहिलं: मोजायचंय. साठवायचंय. आकडेमोड करायचीय.
आणि चौथं बटण:
काय हवंय तेच नीट कळत नाहीये.
त्यावर बैठक पाऊण तास अडली.
एक सर म्हणाले, विद्यापीठात असं लिहितात का?

त्याहून मोठं भांडण "बंद" ह्या शब्दावर.
बंद आहे, मार्चपासून, सुटा भाग यायचाय,
हे कशाला चव्हाट्यावर?
मी म्हटलं, नाही लिहिलं तर कुणीतरी
एसटीने तास-दीड तास येऊन कुलूप बघून जाईल.
शब्द राहिला. फिक्या राखाडी अक्षरात.
बदल्यात इमारत राहिली.
दिव्यांसकट.

कोणाला विचारायचं, ह्या रकान्यात
सगळीकडे विभागप्रमुख होते.
पण विभागप्रमुखांना मी विचारलं की ते
जिन्यात जाऊन हाक मारायचे, "यंबय्या!"
यंबय्या दासरी, प्रयोगशाळा परिचर, एकतीस वर्षं.
कोणत्या मशीनचा दिवा अर्धा तास आधी तापवायचा,
कोणतं मशीन बारानंतर लावायचं नाही
कारण व्होल्टेज बसतं,
कोणत्या कपाटाची किल्ली कोणत्या कपाटात आहे,
सगळं एका निळ्या डायरीत,
अर्धं मराठी, अर्धं तेलुगू,
कडांना शेंगाचटणीचं तेल लागलेलं.
खरं संकेतस्थळ ते. तारीख-वार चालू.
ऑक्टोबरमध्ये निवृत्त होणारं.

तीन दुपारी बसून त्याने डायरी वाचली, मी टाइप केलं.
"एवढं काय लिहायलाव मॅडम," म्हणाला,
"येऊन विचारलं की सांगतोच की मी."
विचारायला येतात ते येतात, मी म्हटलं.
तो थोडा वेळ गप्प बसला.
मग पान उलटून पुढचं सांगायला लागला.

आता ज्वारी लिहिलं की सात सेवा येतात.
त्यातल्या दोन बंद आहेत.

सुरू झालं त्या दिवशी मी यंबय्याला फोनवर दाखवलं,
ओळ अठ्ठ्याऐंशी, कोणाला विचारायचं: यंबय्या दासरी.
चष्मा कपाळावर ढकलून
स्क्रीन नाकाशी धरून त्याने नाव वाचलं.
दोनदा वाचलं.
"चूक आहे," म्हणाला.
माझ्या पोटात गोळा.
"दोन ते अडीच माझा डबा असतो.
ते लिहा."

लिहिलं.