शिशाचं सैन्य

नौशादच्या पडवीत कॅरमचे दोन बोर्ड जोडून,
भोकांत फडकी कोंबून,
किनाऱ्यावरची काळसर वाळू चाळून पसरलेली.
हे वाळवंट.
हळकुंडाएवढे सैनिक, नखाएवढ्या ढाली.
इराणी माझे, अरब त्याचे,
दहावीच्या सुट्टीपासून हेच चाललंय.

सगळे जाळ्याच्या शिशाचे.
त्याच्या मामूच्या कुजक्या पागातलं काढून
चुलीवर वितळवलं, साच्यात ओतलं.
माझ्या चिलखती स्वारांचे झगे
आणि मामूच्या होडीची नाळ
एकाच डब्यातल्या निळ्याची.

हत्ती तीन. एकाची सोंड मोडली,
तिथे काडेपेटीची काडी.
"इराणात हत्ती कुठले रे?
आमच्याच बंदरातून गेले असतील."
"आणि तुझे घोडे दाभोळलाच उतरले," मी म्हणतो,
शिंप्याची टेप ताणतो:
हत्ती सहा इंच, घोडा बारा.

फासा टाकणार, तोच खाडीवरून वारा.
वाळू उडाली ती नेमकी
माझ्याच रांगांच्या तोंडावर.
"नियमात नाही हे."
"इतिहासात आहे," तो म्हणाला.
ताडपत्री सोडायला कुणीच उठलं नाही.

दिवे लागताना मुदस्सर आला.
उद्या होडी लोटायची,
नव्या जाळ्याला शिसं कमी पडतंय.
नौशाद माझ्याकडे बघत राहिला.

मेलेले बाजूला काढलेले होतेच,
दोन्हीकडचे, एकाच ताटलीत.
काट्यावर ठेवले: बाराशे ग्रॅम, वर थोडं.
ते थोडं म्हणजे हत्ती, काडीच्या सोंडेचा.
तो मी उचलून खिशात टाकला.
मुदस्सर म्हणाला, चालेल, एवढ्यात भागेल.