अठ्ठेचाळीस

शनिवारी रात्री अठ्ठेचाळीस अंडी उकडली.
सोळा कांद्याच्या सालीत, सोळा बिटाच्या पाण्यात,
उरलेली हळदीत.
उजगरे मॅडम म्हणाल्या, नागमणीबाई, हात बसलेला दिसतोय.
म्हटलं, आमचे वडील रंगखान्यात होते,
चादरीच्या सुताला रंग द्यायचे.
जेवताना त्यांची बोटं कधी जांभळी, कधी हिरवी.
आम्ही पोरं ताटाकडे न बघता
बोटांकडे बघायचो,
कारखान्यात आज कुठली ऑर्डर आहे ते कळायचं.

रविवारी सहालाच चर्चच्या आवारात.
एप्रिलातलं सोलापूर, फरशी रात्रभर निवली नव्हती.
लवकर लपवा, मॅडम म्हणाल्या,
दहानंतर उन्हात पोरं टिकायची नाहीत.
आणि फार अवघड नको हं,
सापडलं पाहिजे.

सापडलं पाहिजे म्हणून लपवायचं!
माझा हात तिथंच थांबला.
बावीस वर्षं विड्या वळल्या मी.
हप्त्याचे पैसे ज्वारीच्या डब्यात, तळाशी.
मग गादीच्या शिवणीत.
मग देवाच्या फोटोमागं, देवाला सांगून.
नवरा विडी घरकुलात एक नंबरचा हुशार,
त्याला सगळं सापडायचं.
तो गेल्यावरसुद्धा दोन वर्षं
मी नोटा चुलीमागंच ठेवत होते.

पहिली चार अंडी अशी लपवली
की माझी मलाच दिसेनात.
शोधून काढली, परत ठेवली,
अर्धी आत, अर्धी बाहेर:
नळाच्या कोंडाळ्यात, कण्हेरीच्या बुडाशी,
पाळकसाहेबांच्या स्कूटरच्या पायदानावर.
उघड्यावर ठेवताना
पोटात धस्स व्हायचं, खोटं कशाला सांगू.

उपासना झाली. मी दारात उभी, योएल कडेवर.
पाळकसाहेब सांगत होते,
पहाटे बायका कबरेकडे गेल्या
आणि आत तो नव्हता.
शोधायला गेलेल्यांना सापडला नाही
म्हणून सगळे आनंदात.
हे मी मनात दोनदा फिरवून बघितलं.

मग पोरं सुटली.
ओहोळांचा थोरला तर कुंपणावरून उडी मारून आला,
टोपलीत अकरा.
माझा योएल, माझा म्हणजे मॅडमचा,
अडीच वर्षांचा,
त्याला लिंबाखाली एक दिसलं.
उचललं. कानाला लावलं.
खाली बसून परत ठेवलं,
वर पाला पांघरला, थोपटलं
आणि माझ्याकडे बघून ओठावर बोट.
ते झोपलं होतं.

असं त्यानं पाच जणांना झोपवलं.
मोठी पोरं त्याच्या मागं मागं,
हा थोपटतोय, ते उचलतायत.
मी काही बोलले नाही.
सूचना होती, आयांनी मदत करायची नाही.

मोजणीला योएलची टोपली रिकामी.
मॅडमचा चेहरा उतरला.
कुणीतरी हसून म्हणालं, बाई कशाला ठेवलीय मग?

सगळ्या टोपल्या मी मोजल्या.
हजार विड्या मोजून देणारी बाई मी,
छाट काढणाऱ्या चेकरशी भांडलेली,
माझी मोजणी चुकत नाही.
सत्तेचाळीस.
जाऊ द्या हो, कावळ्यानं नेलं असेल.
बारापर्यंत मी शोधत होते,
पायाखाली खडी भाजत होती.
स्वतः लपवलेलं
मलाच सापडेना,
आणि गंमत म्हणजे आतून बरं वाटत होतं.

संध्याकाळी घरकुलात पिशवी रिकामी केली.
डबा, पाण्याची बाटली, योएलचा ओला टॉवेल,
आणि माझ्या रुमालात, चारी टोकं आत दुमडून,
हळदीचं एक.
एका बाजूला बारीक तडा.

सून म्हणाली, अत्तम्मा, सोलू का?

मेल्लगा, म्हटलं मी.
हळू बोल.