आज धीमी आहे

टितरमारे सरांनी क्रोनोग्राफ आणला तेव्हा आम्ही हसलो.
तिपाईवर दोन काचेचे डोळे,
वर पांढऱ्या प्लास्टिकच्या छत्र्या,
लग्नातल्या फोटोग्राफरनं विसरलेलं काहीतरी.
गोळी पहिल्या डोळ्यावरून जाते, मग दुसऱ्यावरून,
आणि मधल्या हातभर जागेचा हिशोब
चौकोनात उजळतो: सातशे शहाण्णव.
मीटर, सेकंदाला.

त्याआधीचे हिवाळे या आकड्याविना गेले.
कामठीच्या पुढे, कन्हानच्या अलीकडे,
तीनशेवर दहा गोळ्या, गादी गुंडाळा, चाला,
पाचशेवर दहा, पुन्हा गादी, पुन्हा चाला,
सहाशेवर पालथं पडेपर्यंत ऊन डोळ्यात
आणि वहीत तीन ओळी, त्यातली एक खोडलेली.
एका रायफलीची ओळख पटायला चार रविवार.
लग्नं याहून लवकर जुळतात, सर म्हणायचे.
ते स्वतः बिनलग्नाचे.

आता बारा गोळ्या. सरासरी फोनमध्ये भरली
की तो सांगतो: सहाशेवर तीन मीटर चाळीस खाली पडेल,
दुर्बिणीचं बटण एवढे टिचके फिरव.
फिरवलं.
पहिलीच गोळी काळ्यात.
साडेआठ वाजले होते,
डब्यातली तर्री अजून गरम होती.

खड्ड्यातून हबीबभाई वर आले,
लाल चकतीची काठी खांद्यावर.
"काहून बाई, झालं? इतक्यातच?"
सरांनी पैसे काढले, मोजता मोजता थांबले,
आणि अर्ध्या दिवसाचे दिले.
हबीबभाईंनी चकती काठीवरून सोडवली,
सदऱ्याच्या टोकानं पुसली,
स्वच्छच होती.

नवतप्यात तीच काडतुसं आठशे सोळा दाखवू लागली.
उन्हानं दारू चेकाळते, सर म्हणाले,
बर्फाच्या डब्यात ठेव.
मग दुपारच्या पांढऱ्या उजेडात यंत्रच आंधळं झालं.
चौकोनात नुसत्या रेघा.

त्या दुपारी मी खड्ड्यात उतरले.
हबीबभाईंनी गोणपाट सरकवून जागा दिली.
सहाशेवरून सर मारत होते.
आधी डोक्यावर चाबकाचा कडाका, ती गोळी;
मग लांबून, कोणी दार लोटावं तसा,
रायफलीचा आवाज.
हबीबभाई गुडघ्यावर बोटं टेकवून
या दोहोंमधली जागा मोजत होते.
"पळून राहिली आज," ते म्हणाले.
"थंडीत हे मधलं कमी असते.
तवा मी म्हणतो, आज धीमी आहे."
कोणाला म्हणता?
"कोणाले म्हणू? पाटीले."
बत्तीस वर्षं.

आता रविवारी साडेआठनंतर मी खाली असते.
उरलेल्या अर्ध्या दिवसाचे पैसे मी देते,
शिकवणीचे म्हणून.
पहिल्यांदा त्यांनी घेतले नाहीत,
दुसऱ्यांदा न मोजता खिशात टाकले.
वाऱ्याचं मात्र ते काही शिकवत नाहीत.
विचारलं की वाळलेल्या गवताकडे बघतात
आणि विडी पेटवतात.

काल डिसेंबरचं धुकं नुकतं उठलं होतं.
कडाका. दार.
माझी बोटं गुडघ्यावर अडखळली.
पळून राहिली, मी म्हटलं.
हबीबभाईंनी मान हलवली.
"नाही. आईक पुन्हा."
कडाका.
दार.
"आज धीमी आहे."

वर सरांच्या चौकोनात काय उजळलं होतं
ते मी अजून विचारलेलं नाही.