फलक

नाशिकच्या कलेक्टर कचेरीत
हा माझा चौथा फलक.
पहिल्या मंत्र्यांनी लिहायला लावलं : नक्कल तीस दिवसांत.
दुसरा पक्ष आला, म्हणाला पंधरा.
तिसऱ्यांनी सात केले, वर सूर्यफूल काढायला सांगितलं.
रंगावर रंग चढत गेला;
नखानं खरवडलं
तर पापुद्र्या-पापुद्र्यानं सरकारं निघतील.

आज नवे साहेब येणार.
ताफा द्वारकेपाशी अडकलाय.
अभियानाचं नाव अजून मुंबईहून कळायचंय,
म्हणून वरची ओळ कोरी.

शिडीवरून खिडकी चार दिसते.
वीज गेलेली, संगणक आंधळे.
खैरनार बाईंनी टेबल ओढलं दारात, उजेडाला,
नोंदीवाचून अडलेल्या नकलांचा गठ्ठा सोडला,
जुनं रजिस्टर झटकलं,
आणि सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या गावितला
नाव विचारलं, बापाचं विचारलं,
चष्मा पुसला, शिक्का मारला.
अकरापर्यंत बत्तीस माणसं
पायऱ्या उतरून गेली
कागद दोन्ही हातांत धरून,
शाई सांडेल की काय अशी.

फोटो कुणी काढला नाही.
वीज आली तसं बाईंनी टेबल मागं सरकवलं.

खालून नाझर ओरडले,
"अहिरे, दिवस किती टाकले?"
म्हटलं, साहेब ठरवतील.
पहिल्या फलकाचं माझं बिल
अजून आक्षेपात आहे, तुमच्याच कपाटात,
हे काही बोललो नाही.
ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला
आणि आकड्यापुरती जागा
पांढरी, ओली ठेवून
बसून राहिलो शिडीवर.