कच्ची शिवण

गाड्यांतलं मला फारसं कळत नाही.
किती घोडे, किती सेकंदांत शंभर,
ते शेजारच्या गॅरेजात विचारा.
मला कळतात बैठकी.
तुर्भ्याला, जनता मार्केटच्या मागे,
एकवीस वर्षं लोकांच्या बुडाखालचं शिवतेय मी.

या आठवड्यात दोन आल्या. दोघी बिनछपराच्या,
दोघींत जागा दोघांपुरतीच.

एक टिपणिसांची, अठ्ठावन्न सालची.
नौपाड्याहून कळव्याच्या पुलावरून खोकत,
वाटेत दोनदा पाणी पिऊन आली.
नाक लांब, दारं जेमतेम गुडघ्याएवढी.

दुसरी करावे गावच्या हर्षद मढवीची. राखाडी.
आली ते कळलंच नाही,
दुकानातला उजेड हलला फक्त.
आजा मिठागरात खपला, नातू साडेबारा टक्क्यांवर बसून
पाम बीचचा वारा खातो,
असं तोच हसत सांगतो.
मांजरानं सीट ओरबाडलीये, एवढंच दुखणं.

जुनी आधी उसवली.
आत काथ्या, घोड्याचे केस, गंजल्या स्प्रिंगा,
एक चिंचोका.
टाके असे की ब्लेड वाकलं.
उजवी बैठक खचून माणसाच्या आकाराची झालेली,
डावी फुगीर, कोरी,
चामड्याचा रंगही जरा वेगळा.
“ही कधी बदलली?”
“एकोणऐंशीला. खोपोलीच्या उतारानंतर.
तेव्हा पट्टे नसायचे गाडीत.”
मग बाहेर जाऊन त्यांनी चहा सांगितला.
तीन.
दुकानात आम्ही दोघंच होतो.

नवीच्या कुशीला हात घातला
तर हर्षद ओरडला, “मावशी, तिथं नको!”
आत एअरबॅग.
तिथला दोरा म्हणे मुद्दाम कच्चा,
वेळ आली की पापणी लवायच्या आत
शिवण फाटली पाहिजे,
नाहीतर माणूस फाटतो.

मला हे कुणी शिकवलं नव्हतं.
पक्कं शिव, एवढंच शिकवलं.
आणि कुठल्या तरी कारखान्यात बसून कुणीतरी मोजलंय,
किती कच्चं म्हणजे पुरेसं कच्चं.
आधी त्याचा राग आला.
मग टिपणिसांच्या डाव्या बैठकीवरून हात फिरवला
आणि राग कुणावर धरायचा तेच कळेना.

हर्षदची ती बाजू मी शिवली नाही. शोरूमला जा म्हटलं.
टिपणिसांची शनिवारी झाली.
हर्षद नेमका तिथंच. “काका, एक चक्कर?”
आणि उत्तराची वाट न बघता, दार न उघडता,
टांग टाकून डावीकडे बसलासुद्धा.
खांद्याशी हात नेला, पट्टा शोधत.
नव्हता.

टिपणीस थोडा वेळ नुसते बघत राहिले.
मग निघाले. इस्त्रीवाल्याची सायकल त्यांच्या पुढे गेली.
कोपऱ्यावर वळेपर्यंत मला दिसत होतं,
त्यांचा डावा हात हर्षदच्या छातीसमोर आडवा.
गाडी पहिल्या गियरवरच कण्हत होती,
पण गियर बदलायला
हात मोकळा नव्हता.