प्रकाशाचा हेतू

अर्जाच्या चौथ्या पानावर एक रकाना होता:
प्रकाशाचा हेतू.
पेनाचं टोपण चावत मी बराच वेळ बसून राहिले.
बाकड्यावर शेजारी एक आजोबा
घरपट्टीच्या पावतीने वारा घेत होते.
शेवटी लिहिलं: औषधं. रात्रीची.

मिनेझिस बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
'एका शब्दात. जाहिरात, नाहीतर दिशादर्शन.'
मी म्हटलं, एखाद्याचं मूल तापलंय,
तो स्कूटरवरून अंधारात बंद शटरं मोजत येतोय,
ते कशात बसतं?
'जाहिरातीत,' त्या म्हणाल्या,
आणि चौरस मीटरचा दर सांगितला.

बोर्ड चवथीच्या आधीच तयार होता.
खांडेपारच्या कृष्णनाथने केलेला,
हिरवा क्रॉस, खाली सावईकर मेडिकल,
वेलांटी जरा जास्तच उंच,
कारण त्याच्याकडे पट्टी उरली होती.
दुकानात उभा होता तो, सलाइनच्या खोक्यांमागे,
भिंतीकडे तोंड करून,
शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

बांधकाम खात्याला रस्त्याच्या मध्यापासूनचं अंतर हवं होतं.
मध्य दर वर्षी सरकतो, मी म्हटलं,
नवं डांबर पडलं की पांढरी रेघ
रंगाऱ्याच्या मनात येईल तिथे जाते.
मग गांवस आले, टेपचं टोक माझ्या हातात दिलं,
आणि रेतीच्या ट्रकांमधून वाट काढत
रेघेवर उभे राहून ओरडले,
'बाय, हालूं नाका!'
मी हलले नाही.
चौदा मीटर वीस.

वाहतूक शाखेला वीज खात्याचा कागद हवा होता.
वीज खात्याला वाहतूक शाखेचा.
दोघांचा जिना एकच.
मधल्या पायरीवर बसून मी डबा खाल्ला,
भेंडीची भाजी, दोन पोळ्या,
आणि वर जाणाऱ्यांना पाय आखडून वाट दिली.

चालकांचे डोळे दिपतात का ते तपासायला माणूस आला,
भर दुपारी बारा वाजता.
बोर्ड लावा, म्हणाला. लावला.
कपाळावर हात धरून दोघं बघत राहिलो.
'पेटलाय?'
पेटलाय, मी म्हटलं.
त्याने लिहिलं: प्रखरता समाधानकारक.

आणि हे सगळे महिने
तिस्काच्या पुढच्या वळणावर
शाजीचा टायर पेटत होता.
ट्रकचा जुना टायर, पोटात एक पिवळा बल्ब,
शिवणीच्या फांदीला काथ्याने बांधलेला.
नकाशा नाही, दाखला नाही, हेतू कुणी विचारलेला नाही.
बेळगावचे भाजीवाले तो बघून वेग कमी करतात.
मीही फोनवर तेच सांगायचे:
टायरात दिवा दिसेल, त्याच्या पुढचं दुकान,
कडी वाजवा, मी जागी असते.

परवाना शिगम्याच्या आठवड्यात आला.
अकरा अटी, सातवी अशी:
रात्री दहा ते सकाळी सहा फलक बंद ठेवणे.
मी दोनदा वाचली. मग काउंटरवर ठेवून
तिच्यावर बोट ठेवलं.
बाई, माझं दुकान दहानंतरच चालतं.
मिनेझिस बाईंनी त्या ओळीभोवती
पेन्सिलीने एक गोल काढला,
थोडा वेळ त्या गोलाकडे बघितलं,
आणि म्हणाल्या, 'अटी छापील असतात.'
मग शिक्का उमटवला, दोन्ही प्रतींवर,
माझ्या प्रतीवर जरा हळू.

आता संध्याकाळी सातला क्रॉस लागतो.
तीन तास सगळा रस्ता हिरवा,
समोरच्या बेकरीतले पावसुद्धा.
बेकरीवाली कुरकुरते, पाव शिळे दिसतात म्हणते.
दहाला मी बटण खाली करते
आणि गिऱ्हाइकांची वाट बघते.

परवा शाजीचा बल्ब गेला.
साडेअकराला शटर अर्धं ओढून
मी नवा घेऊन गेले, नऊ वॅटचा.
तो स्टुलावर चढला, मी स्टूल धरलं,
एक ट्रक थांबला, काय झालं विचारून गेला.
परत येऊन वहीत खर्च मांडला,
एकशेदहा रुपये,
जाहिरात.